कुकरी वाजवून घेताना

अंबडच्या एका कारखान्यात, घणाच्या खात्यात, देवरामची तीस वर्षं गेली. घडवलेला माल थंड झाला की तो त्यावर खिळ्याने टिचकी मारी आणि नुसत्या नादावरून सांगे, "आत चीर हाय." साहेब मशीनवर तपासत. देवरामचंच खरं निघे. त्याच्या गावी, सायखेड्यात, तर लोक साधा माठ घ्यायलाही त्याला सोबत नेत.

म्हणून निकिता पेठच्या रानात वनरक्षक म्हणून लागली, तेव्हा कुकरी, म्हणजे वाकड्या पात्याचा नेपाळी सुरा, निवडायला बापालाच घेऊन नाशिकला आली. वाटेत आडव्या पडलेल्या जाड फांद्यांना कोयता पुरत नव्हता.

स्वेटर विकणाऱ्या थापाने नेपाळातून आणलेल्या तीन कुकऱ्या चादरीवर मांडल्या. देवराम खुशीत होता.

"ही नक्षीची भिंतीवर टांगायला. या दोघी बघ, पाठ जाड, पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलंय."

"अण्णा, वाजवून बघा ना," निकिता म्हणाली.

त्याने एका पात्यावर खिळा मारला. मग दुसऱ्यावर. घणाने त्याचे कान हळूहळू नेले होते. आधी पाखरं गेली, मग सायकलची घंटी. घरात त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं. दोन्ही पाती त्याला मुकीच लागली.

"ही द्या," त्याने पहिलीवर बोट ठेवलं.

थापाने त्याला अडवायला तोंड उघडलं. निकिताने थापाकडे पाहून, बोलू नका म्हणून, हलकेच मान हलवली.

पण घणाच्या खात्यात माणसं तीस वर्षं मानेनं आणि डोळ्यांनीच बोलत आली होती. देवरामला ती मान स्पष्ट ऐकू आली.

"कधीपासून ठाऊक हाय तुला?"

निकिता त्याच्या समोर येऊन मोठ्याने म्हणाली, "दिवाळीपासून. फोन तुमच्याच खिशात वाजत होता, आणि तुम्ही मलाच रागावत होता, फोन का करत नाहीस म्हणून."

"अन् चिरलेलं पातं घेऊन रानात जाणार होतीस? बापाचा मान राखायला? लय शहाणी!"

तो हसला खरा, पण हसू टिकलं नाही. त्याने खिळा तिच्या हातात दिला.

"तू वाजव. नाद लांब चालला तर घ्यायची. मधेच मेला तर ठेवून द्यायची."

तिने दुसऱ्या पात्यावर खिळा मारला. देवराम तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"चालतोय?"

"चालतोय, अण्णा. अजून चालतोय."

नाद विरला म्हणून तिची मान हलेपर्यंत तो थांबला. मग थापाला म्हणाला, "बांधा."