समोरून पाहिलेली तीन बोटं

मत्सर करायचा तर जवळच्या माणसाचा करावा, असं माझं मत आहे. लांबचा माणूस रोज दिसत नाही, मग जळायला ताजं जळण कुठून आणणार? माझा माणूस रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसतो. आमच्या आळीच्या कॅरम क्लबात तो माझा डबल्सचा जोडीदार. डबल्समध्ये जोडीदार समोरासमोर बसतात, त्यामुळे शाळा सुटल्यापासून मी त्याच्या उजव्या हाताची बोटं पाहत आलोय. मधली उमेदीची वर्षं, सुट्ट्या सोडल्या तर, हा माणूस मालवाहू बोटींवर होता. दोरखंड ओढून बोटं राठ व्हायला हवी होती. पण तिथेही हा रेडिओच्या खोलीत बसून बटणं फिरवत होता. लांब, सडपातळ, शेंड्याला निमुळती बोटं. माझी तोंडल्यासारखी.

खेळात तो माझ्यापेक्षा सरस आहे, हे मी मान्य केलंय. मान्य केलं म्हणजे सोसलंय. कारण माझ्याकडे एक गोष्ट होती जी त्याच्याकडे नव्हती: माइक आणि त्याच्यामागची खुर्ची.

आमच्या वार्षिक स्पर्धेत मधल्या बोर्डाच्या वर, छताच्या वाशाला एक मोबाइल बांधतात. त्यातलं चित्र माझ्या लॅपटॉपमधून प्रोजेक्टरवर आणि तिथून चुना मारलेल्या चिऱ्याच्या भिंतीवर. लॅपटॉपवर मी तीन पडदे मांडून ठेवतो: एकावर सामन्यांचा ड्रॉ, एकावर बोर्ड, एकावर गुण. तीन बोटं टचपॅडवरून सरकवली की भिंत बदलते आणि मी बोलतो, "मंडळी, राणी एकटी उभी आहे, सोबतीला कोणी दिसत नाही." लोक हसतात. चहावाला किटली घेऊन थांबतो. त्या दिवशी गावात माझ्याइतका सुखी माणूस नसतो. माउसनेही पडदे बदलता येतात, पण माउस म्हणजे कारकुनी. हवेत हात नेऊन तीन बोटं उतरवण्यात जो थाट आहे, तो क्लिक करण्यात नाही.

यंदा स्पर्धेच्या आठवड्यात लॅपटॉपने विचारलं, नवी आवृत्ती घेऊ का. मी हो म्हटलं आणि जेवून आडवा झालो. उठलो तेव्हा लॅपटॉप नवा झाला होता आणि मी जुनाच होतो.

संध्याकाळी हॉलमध्ये चाचणी होती. मी हात हवेत नेला, तीन बोटं उतरवली, डावीकडे सरकवली. ड्रॉ नाहीसा झाला आणि भिंतभर माझी बायको उभी राहिली, पावस गावच्या मामांच्या बागेत, डोक्याला टॉवेल गुंडाळून. पुन्हा सरकवली, तर एक गाणं सुरू झालं. घाईने वर सरकवली, तर बायकोने दुपारी अर्धवट सोडलेली मालिका उघडली.

क्लबच्या चिटणीस म्हणजे आमच्या बाई. आम्हां दोघांना शाळेत त्यांनीच शिकवलं. त्यांनी चष्मा वर केला. "अरे, ही कोण बाई रडतेय?"

"बाई, अपग्रेड झालंय."

"तिचं?"

जोडीदार शांतपणे म्हणाला, "माझंही कालच झालं. सगळं बिघडलं होतं. मग सेटिंगमध्ये गेलो आणि एकेका दिशेला काम नेमून दिलं." असं म्हणून त्याने मुलीने मस्कतहून पाठवलेला लॅपटॉप काढला. पोह्याच्या पापडाइतका पातळ. तीन बोटं नुसती टेकवली, आणि पडदे असे सरकले की कोणी म्हणावं, लोणी लावलंय. मागे कोणीतरी 'वा' म्हणालं. तो 'वा' आजपर्यंत माझ्या मालकीचा होता.

मग प्रोजेक्टरची वायर जोडायला गेले, तर त्या पापडाला वायरीचं भोकच नाही. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी खाली वाकून चपलेचा पट्टा लावला. चप्पल बिनपट्ट्याची होती.

बाईंनी दोन्ही यंत्रांकडे पाहिलं आणि निकाल दिला. "मशीन याचं, बोटं त्याची. रविवारी तो बसेल."

"आणि माइक?" मी विचारलं.

"चित्र बदलेल त्याच्याकडे माइक. तूच केलेला नियम आहे."

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला. त्याची बोटं कशी घसरतात, हे डोळ्यांपुढून जाईना. आता, बोट घसरत नसेल तर कॅरमवाला काय करतो? मी डबीतली बोरिक पावडर चिमटीने टचपॅडवर भुरभुरवली आणि तळहाताने फिरवली.

बायको दारात उभी होती. "अहो, तिथे पोळ्या लाटणार आहात का?"

पावडर बटणाच्या फटीत गेली. टचपॅड कुरकुरायला लागला. ती ब्रशने काढून मी सेटिंग उघडलं. तिथे तीन बोटांचं चित्र होतं आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार चौकटी. प्रत्येकीत एक काम निवडायचं: पुढचा पडदा, मागचा पडदा, सगळ्या खिडक्या दाखव, सगळं लपव. मला त्याच्याइतकंच गुळगुळीत हवं होतं, म्हणजे त्याने जे नेमलंय तेच नेमायला हवं. आणि ते त्याला विचारणं शक्य नव्हतं. समुद्रात उडी मारली असती, पण विचारलं नसतं.

दुसऱ्या दिवशी नशीब उघडलं. आम्ही बोर्डावर समोरासमोर बसलो होतो आणि बाईंनीच त्याला विचारलं, "तू ते बोटांनी नक्की करतोस काय रे?"

त्याने सोंगट्या बाजूला सारल्या आणि बोर्डावरच दाखवलं. पावडरीत तीन बोटं ओढली. "हा पुढचा पडदा. हा मागचा. अशी ढकलली की सगळ्या खिडक्या, अशी ओढली की सगळं साफ." बोर्डावर तीन-तीन रेघांचे चार पट्टे उमटले. बाई मान डोलावत होत्या. मी स्ट्रायकर पुसण्याचं नाटक करत ते पट्टे डोळ्यांत साठवले. तो स्वच्छतागृहाकडे गेला, तेव्हा मी त्या रेघांवरून माझीही बोटं फिरवून घेतली.

घरी येऊन जसं पाहिलं तसं नेमलं. शनिवारपर्यंत जेवणाच्या टेबलावर, सोफ्याच्या हातावर, बायकोच्या पाठीवर, जिथे जागा मिळेल तिथे सराव केला. शेवटी हात बसला. पडदे लोण्यासारखे सरकत होते.

रविवारी हॉल भरला. जोडीदार खुर्चीवर बसला. माइक त्याच्यासमोर होता. तो मला म्हणाला, "बोटांचं सेटिंग करून घेतो रे, दोन मिनिटं."

"केलंय," मी म्हणालो. "तुझं आहे तसंच."

त्याने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं, हे तर फारच झालं. मग त्याने बोटं टेकवली. ड्रॉ यायला हवा होता, गुण आले. उलट सरकवली, बोर्ड आला. वर ढकलली, सगळं साफ. खाली ओढली, खिडक्यांची रांगोळी. पहिल्या सामन्याचे खेळाडू भिंतीकडे पाहत उभे. बाईंनी घड्याळ पाहिलं. "आता याचंही अपग्रेड झालं काय?"

मी त्याच्या खांद्यावरून हात पुढे केला. तीन बोटं, एक झोका, ड्रॉ. दुसरा झोका, बोर्ड. मागे कोणीतरी 'वा' म्हणालं. माझा वा, माझ्या घरी परत.

जोडीदार माझ्या हाताकडे पाहत राहिला. मग खुर्चीवरून उठला, टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर जाऊन उभा राहिला आणि हवेत तीन बोटं सरकवून पाहिली. हसून त्याचे खांदे हलायला लागले.

"मेल्या, बोर्डावर बघून शिकलास होय? समोरून?"

मला कळायला क्षणभर लागला. इतकी वर्षं समोर बसून खेळतोय, त्याचं डावं ते माझं उजवं, त्याचं ढकलणं ते माझं ओढणं, हे आम्हां दोघांना झोपेतही कळतं. पण जळणाऱ्या माणसाला तेवढी उसंत नसते. त्याच्या चारही दिशा मी उलट्या नेमल्या होत्या आणि आता माझा हात त्यावरच बसला होता. त्या यंत्रावर गावात दुसरं कोणी बसू शकलं नसतं.

"सेटिंग बदलायला किती वेळ?" बाईंनी त्याला विचारलं.

त्याला मिनिट लागलं नसतं.

"वेळ लागेल बाई," तो म्हणाला. "राहू दे, तोच चालवेल." आणि परत अलीकडे येऊन खुर्ची त्याने माझ्याकडे सरकवली, हसत. हिसकावून घेतली असती तर मी तिच्यावर सुखाने बसलो असतो.

तरीही बसलो. दिवसभर बोललो. तोंडल्यासारखी बोटं हवेत नेली, उतरवली. लोक हसले, चहावाला थांबला.

संध्याकाळी सिंगल्सची फायनल, आणि फायनलला अर्थात तोच. शेवटच्या बोर्डात राणी पलीकडच्या कोपऱ्यात, तिच्या पुढ्यात दोन काळ्या. त्याने स्ट्रायकर ठेवला. मागून कोणीतरी ओरडलं, "जरा जवळून दाखव की."

जवळून दाखवायला दोन बोटं लागतात, टेकवून फाकवायची. ते अपग्रेडमध्येही बदललेलं नव्हतं. मी फाकवली. भिंतीवर त्याचं बोट मोठं होत गेलं. लांब, सडपातळ, शेंड्याला निमुळतं, खिडकीपासून दारापर्यंत. ही खुर्ची मी कशासाठी मिळवली, ते मला तेव्हा दिसलं.

"मंडळी," मी माइकमध्ये म्हणालो, "या बोटाकडे नीट बघा."

आणि मीही बघितलं. समोरून नाही, त्याच्या बाजूने.