दोन बोटं दाबा

आठवड्याचा व्यायाम मी एकाच सोमवारी उरकला होता. हसू नका. वर्षाचे पापड उन्हाळ्यातल्या दोन दिवसांत लाटून डबे भरणारी बाई मी, मला वाटलं मानेचंही तसंच असेल. दहा वेळा, दिवसातून तीनदा, म्हणजे आठवड्याचे दोनशे दहा. पूजा झाल्यावर बसले ती दुपारच्या चहाआधी दोनशे दहा पुरे करूनच उठले. संध्याकाळी उजवा हात खांद्यापासून अंगठ्यापर्यंत असा पेटला, की सुनेला हाक मारायलासुद्धा मान वळेना.

तेव्हा मी नुसती अठ्ठावन्न वर्षांची होते. त्या वयात अक्कल जरा कमीच असते.

दुखणं त्याच्या आधीचं. टोमॅटोचे क्रेट डोक्यावरून वाहायचे आणि "मला काय होतंय" म्हणायचं, ही माझी ऐट. आधी बोटांना मुंग्या आल्या. मग एका सकाळी दुधाचं पातेलं हातातून सुटलं. भाकरी थापायला बसले तर अंगठ्याला जोरच नाही, पीठ नुसतं इकडून तिकडे सरकतंय. पुण्याच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, मानेतली शीर दबली आहे. सहा आठवडे व्यायाम करा, बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं. हाताची ताकद आणखी उतरली तर मात्र ऑपरेशनचा विचार करावा लागेल. ते ऐकून मी परतीच्या वाटेवर आमच्या गावापर्यंत, डिंगोऱ्यापर्यंत, एक शब्द बोलले नाही. आमचे मालक घाबरले ते माझ्या मानेला नाही, त्या गप्प बसण्याला.

व्यायाम शिकवणारी ही मुलगी जुन्नरची. पणजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. वडिलांचं कापडाचं दुकान, आणि मागच्या खोलीत हिचा दवाखाना. आत जायची वाट साड्यांच्या ढिगांमधून. गादीवर बसलेले तिचे वडील येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारत, "मान की साडी?" मान म्हटलं की अंगठ्याने मागची खोली दाखवत. मी मान म्हणून आत गेले आणि येताना साडी घेऊन आले, असं दोनदा झालं.

मुलगी दिसायला एवढीशी, पण हुकूम फौजदाराचा. "हनुवटी आत, खांदे खाली, जीभ गप्प." पहिली दोन वाक्यं सगळ्यांना, तिसरं फक्त मला. गेल्याबरोबर ती उजव्या हाताची दोन बोटं माझ्यापुढे धरायची. "दाबा." पहिल्या दिवशी मी जीव खाऊन दाबली, तर म्हणते कशी, "मावशी, दाबताय की कुरवाळताय?"

त्या सोमवारनंतर बुधवारी मी तिच्याकडे गेले. बसमध्येच ठरवलं होतं, काही सांगायचं नाही. तिने बोटं पुढे केली. मी दाबली. ती हसली नाही.

"काय केलंत?"

"कुठं काय? तू सांगितलंस तेवढंच."

"तेवढंच?"

"तेवढंच. फक्त... आठवड्याचं."

तिने कपाळाला हात लावला. "आठवड्याचं जेवणही सोमवारीच जेवता का हो?"

"पापड करते ना मी वर्षाचे!"

"मान म्हणजे पापड नाही, मावशी." मग खुर्ची ओढून समोर बसली. आवाज खाली आला. "पकड कमी झालीय. दोन दिवस व्यायाम बंद. शेक घ्या, अंगणात फिरा, ओझं उचलायचं नाही. शनिवारी बघू. शनिवारीही एवढीच निघाली तर मी तुम्हाला इथं ठेवून घेणार नाही, सरळ पुण्याला पाठवणार. आणि त्याआधी चालताना तोल गेला किंवा हातातनं वस्तू जास्त पडायला लागल्या, तर शनिवारचीही वाट बघायची नाही."

ते तीन दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. शेजारणीला वाटलं, मी सासुरवास आठवून रडतेय. शनिवारी बोटं हातात घेतली तेव्हा डोळे मिटूनच दाबली.

"पकड पुन्हा पहिल्याएवढी आहे," ती म्हणाली, आणि तिनेच आधी सुस्कारा सोडला. तेव्हा कळलं, ही पोरगीही तीन दिवस धड जेवलेली नाही.

मग तिने माझ्या दिवसातच व्यायाम पेरला. दूध तापत ठेवलं की दहा. दुपारी मालिका लागली की दहा, जाहिरातीत उठायचं नाही. अंथरूण घातलं की दहा. "दुखायला लागलं तर थांबा. कंटाळा आला तर थांबू नका. रोजचं रोज." एखादा जादा करावा असं जिवाला फार वाटे, पण तिची ती खुर्ची ओढण्याची पद्धत आठवायची आणि मी दहावरच थांबायची.

मुंग्या आधी दंडातून गेल्या, मग कोपरातून, शेवटी अंगठ्यातून. पाचव्या आठवड्यात मी भाकरी थापली. एका बाजूने जाड, एका बाजूने पातळ, पण अख्खी. फडक्यात बांधून तिच्याकडे नेली, त्यांच्याकडे चालत नाही म्हणून लसूण न घातलेल्या मिरचीच्या ठेच्याबरोबर. तिने ती भाकरी उजेडाला धरून एक्स-रेसारखी बघितली. "पातळ बाजूला अंगठा अजून कमी पडतोय," म्हणाली, आणि जाड बाजूकडून खायला लागली.

पुण्याला पुन्हा गेले ते ऑपरेशनला नाही, नातवाच्या बारशाला.

ती आता सासरी, नगरला असते. तिथंही बायकांच्या जिभा गप्प करत असणार. इथल्या मागच्या खोलीत शर्टांची खोकी आहेत. परवा सुनेबरोबर दुकानात गेले तर वडील सवयीने म्हणाले, "मान की..." आणि उगाचच कापड मोजायचा गज शोधायला लागले.

तिच्या लग्नात मात्र मी होते. स्टेजवर ही मोठी रांग. माझा नंबर आला. मेंदीने कोपरापर्यंत भरलेले हात, दागिन्यांनी मान वाकलेली. मी आशीर्वादाला हात पुढे केला, तर कुणाला दिसणार नाही अशी तिने दोन बोटं माझ्या उजव्या मुठीत सरकवली. ओठ न हलवता म्हणाली, "दाबा."

मी दाबली. मनापासून दाबली.

"आई गं! मावशी, सोडा आता, नवऱ्यालाही धरायचीयेत ती बोटं!"