साहेबाचं वशिंड

बैल देव्हाऱ्याशेजारच्या चौरंगावर लखलखत होता आणि घरातलं कोणीही त्याच्याकडे बघत नव्हतं.

चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या अंगाला, केळीच्या बागांमधलं हे घर. मी धुळ्याहून सकाळीच निघाले होते. प्रवीणभाऊंनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "ताई, ब्राँझचा बैल आहे. त्याचा रंग गेलाय. आणि घरात जरा वातावरण टाइट आहे." मला वाटलं, वाटणीचं प्रकरण असणार. वाटणी निघाली की लोकांना घरातल्या जुन्या वस्तू आठवतात आणि मग माझा नंबर शोधला जातो.

माझं काम सांगायला हवं. मी मेटल कॉन्झर्वेटर, म्हणजे धातूच्या जुन्या वस्तू जपणारी. नोकरीची बरीच वर्षं म्युझियमच्या लॅबमध्ये गेली. आता धुळ्यात माझा गाळा आहे आणि तिथे मला 'पुतळेवाल्या बाई' म्हणतात, कारण पुढाऱ्यांच्या पुतळ्यांची तुटलेली बोटं आणि चष्मे जोडून देणं हाच माझा मुख्य धंदा होऊन बसलाय. त्यामुळे बैल म्हटल्यावर मी खुशीत होते. बैलाला चष्मा नसतो.

प्रवीणभाऊ पन्नाशीचे, केळी आणि कापूस करणारे. त्यांचे वडील नाना ओट्यावर आमच्याकडे पाठ करून बसले होते. आई, म्हणजे अक्का, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. नाना समोरच्या बागेला उद्देशून म्हणाले, "पानी आन म्हना." अक्का चार पावलांवर होत्या. त्यांनी तांब्या भरला, प्रवीणभाऊंच्या हातात दिला, आणि पन्नाशीचा हा माणूस मुकाट्याने तो नानांना देऊन आला. वाटणीचं प्रकरण नव्हतं तर. हे त्याहून नाजूक होतं.

मी बैल उचलला. दोन हातांत मावेल एवढा, पण चांगला जड. मान किंचित वळवलेली, एक कान मागे, शेपूट अंगाला लागलेलं, माशी हाकलून झाल्यावर असावं तसं. गळ्याच्या कातडीच्या घड्या एकीसारखी दुसरी नाही. पायथ्यावर झिजलेली फ्रेंच सही. ती सही मी दोनदा वाचली, खोटं कशाला बोलू.

दीडेकशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये काही शिल्पकार फक्त जनावरं करायचे. राजे नाहीत, देव नाहीत, घोड्यावरचे सेनापती नाहीत; फक्त घोडा. ते प्राणिसंग्रहालयात बसून राहायचे, मेलेल्या जनावरांची हाडं आणि स्नायू शिकायचे आणि मग ब्राँझमध्ये ओतायचे. लोकांनी टिंगलीनं त्यांना 'आनिमालिए' म्हटलं, म्हणजे जनावरवाले. पुढे तेच नाव मानाचं झालं. हा बैल त्या घराण्यातला होता. नानांचे आजोबा भुसावळला रेल्वेतल्या एका गोऱ्या इंजिनिअरच्या बंगल्यावर माळी होते. साहेब मायदेशी परत जाताना हा त्यांना देऊन गेला. म्हणून बैलाचं नावच 'साहेब'.

घरात खरी बैलजोडी होती तोवर साहेब फडताळात असायचा. ट्रॅक्टर आला, जोडी गेली, आणि पोळ्याला तर पिढ्यानपिढ्या या घराकडे गावातला पहिला मान. बैल नाही तर मान कसा चालवायचा? नानांनी साहेबाला झूल घातली, ट्रॅक्टरवर मांडीत घेतलं आणि वेशीतल्या तोरणाखालून सगळ्यांच्या आधी नेलं. गाव हसलं, पण मान चालला. तेव्हापासून दर पोळ्याला तसंच.

अडचण एकच होती. फ्रान्सचा बैल, त्याला वशिंड नाही. आपल्याकडे खांद्यावर उंचवटा नसलेल्या जनावराला कोण बैल म्हणेल? म्हणून पोळ्याच्या दिवशी अक्का पुरणपोळीच्या कणकेतला एक गोळा घ्यायच्या आणि साहेबाच्या खांद्यावर वशिंड थापायच्या. त्यावर तेलाचा हात, हळद, मग झूल. संध्याकाळी ते वशिंड शेजारच्या गाईच्या मुखी जायचं.

हे सगळं मला प्रवीणभाऊंनी सांगितलं. पुढचं अक्कांनी सांगितलं, चुलीकडे तोंड करून.

"ताई, चूक मनी शे. नातूले पोर देवाले सोयरा येनार व्हतात. काया बैल देव्हारापान देखीसन लोक काय म्हनतीन? भांडा घासता येत नही का या घरमा? म्हनीसन मी चिंच आनि मीठ लाईसन घासा."

प्रवीणभाऊंच्या मुलाला मुलगी द्यायला पाहुणे येणार आणि देव्हाऱ्याशेजारी काळा बैल, म्हणून ही घासाघीस. चिंच, मीठ, नारळाची शेंडी. दिवाळीला तांब्यापितळेला जे करतात ते सगळं. अक्कांचा हात मोठा सफाईचा, त्यामुळे काम चोख झालं होतं.

आता यातली गोम अशी. ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील. ओतल्यावर ते पिवळंच दिसतं. त्यावरचा काळा-तपकिरी रंग मळ नसतो. तो ओतारी मुद्दाम चढवतो, धातू तापवून, रसायनांचा हात देऊन. त्याला आम्ही पॅटिना म्हणतो. सावली त्यात राहते, स्नायू त्यामुळे दिसतात. पॅटिना गेलेला बैल म्हणजे सगळीकडून सारखाच उजेड पडलेला फोटो.

"सोयरे काय म्हणाले बैलाला?" मी विचारलं.

"त्यासनी देखाच नही," अक्का म्हणाल्या. "पोरगी पक्की व्हई गई. पन यास्नी बोलनं बंद कयं."

मी ओट्यावर, अक्कांशी बोलणं बंद केलेल्या नानांशेजारी जाऊन बसले. म्हातारा माणूस, पण खांदे अजून रुंद. त्यांनी आधी घोंगडी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "ज्यानी हाऊ बनाडा, त्याना घर बैल व्हई. बैल पाळेल मानूसलेच असा कान दिसस." आणि थोड्या वेळानं, "गाव म्हनस, साहेब गोरा व्हई गया. हासतस. हासू द्या. पन हाऊ मना साहेब नही. औंदा पोयाले मी नेवाव नही."

आतून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. अक्कांना सगळं ऐकू जात होतं. त्या क्षणी मला कळलं की माझं काम फक्त बैलाचं नाही, आणि ज्या पोळ्याला नाना बैल न्यायला नाही म्हणत होते तो तर तोंडावर आलेला. मला दोघांचीही फार माया वाटली आणि दोघांचाही थोडा राग आला.

बैल गोणपाटात गुंडाळून मी धुळ्याला आणला आणि जुन्या बॉसना फोन लावला. त्यांना मी अजून सरच म्हणते.

"ओरिजिनल पॅटिना गेला म्हणजे गेला," सर म्हणाले. "मीठ काढ, स्टॅबिलाइज कर, वॅक्स लाव आणि परत दे."

"तसाच पिवळा?"

"मग? आपण रंगारी आहोत का?"

त्यांचं चूक नव्हतं. आमच्या धंद्यातला पहिला नियम आहे, उरलंय ते जपा, नसलेलं आणू नका.

"सर, हा शोकेसमधला पीस नाहीये. हा पोळ्याला ट्रॅक्टरवर बसून वेशीतून जातो."

"कुठे बसून?"

"ट्रॅक्टरवर. आणि त्याला वशिंड लावतात. कणकेचं."

पलीकडे खुर्ची करकरली. मग सर म्हणाले, "फोटो पाठव. आणि जे करशील ते पुन्हा काढता येईल असं कर."

याला मी परवानगी समजले.

आधी मीठ काढायचं होतं. ब्राँझच्या छिद्रांत मीठ राहिलं की दमट हवेत हिरवी भुकटी धरते आणि धातू आतून खात जाते. श्रावणात तर विचारूच नका. बैलाला डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवायचं, पाणी बदलायचं, पुन्हा बुडवायचं. प्रत्येक वेळी त्या पाण्यात एका रसायनाचा थेंब टाकायचा. पाणी दुधाळ झालं की समजायचं, अजून मीठ आहे. ते दुधाळ होणं थांबेचना. प्रवीणभाऊंचा रोज फोन. "ताई, पोळ्यापर्यंत होईल ना?" मी म्हणायचे, होईल. मग फोन ठेवून पाण्याकडे बघत बसायचे. घरी काय चाललंय विचारलं तर प्रवीणभाऊ म्हणायचे, "मी पाणी वाहतोय."

अखेर एका सकाळी पाणी स्वच्छ राहिलं.

मग रंग. मूळ रंग कसा होता हे कोणाला माहीत? घरातले सगळे फोटो पोळ्याचे, बैल झुलीत आणि शेंदरात बुडालेला. पण अक्कांची बोटं पोटाखाली, चार पायांच्या मध्ये पोचली नव्हती. बॅटरी धरून पाहिलं तर तिथे जुना पॅटिना जसाच्या तसा. जुन्या तव्यासारखा काळा आणि त्याखाली गुळाची तांबूस झाक. त्या शिल्पकाराने पोटाखालच्या कातडीवरच्या सुरकुत्यासुद्धा केल्या होत्या, जिथे कोणी कधी वाकून बघणार नाही. ती जागा मी तशीच राखली आणि तिच्याकडे बघत बघत वर रंग जुळवला.

पॅटिना चढवताना गंधकाचं एक रसायन लागतं. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. शेजारचा गॅरेजवाला येऊन म्हणाला, "ताई, तुमच्याकडे गटार तुंबली का?" पहिला हात बुटाच्या पॉलिशसारखा सपाट काळा आला. तो काढून टाकला. दुसऱ्या वेळी पातळ द्रावण, कमी आच, मग लोखंडाच्या क्षाराचा हात. गळ्याच्या घड्यांत हळूहळू सावली उतरली. कान पुन्हा ऐकायला लागला, असं मला वाटलं आणि मी एकटीच हसले.

एक गोष्ट राहिली. खांद्यावर, मानेच्या मागे, एक खडबडीत लंबगोल जागा होती. भिंगाखाली बारीक खड्डे दिसत होते. वर्षानुवर्षं तिथे कणीक, हळद, तेल बसून धातू खाल्ला गेला होता. ती भरून गुळगुळीत करायला मला एक दुपार पुरली असती, आणि खरं तर हातही शिवशिवत होते. पण अक्कांचं घर आहे, विचारलेलं बरं, म्हणून फोन केला.

"नको, ताई," अक्का म्हणाल्या. "तठे वशिंड धरस. गुयगुयीत व्हयनं त घसरी जाई." मग म्हणाल्या, "औंदा लागस का नही, देव जाने. पन ऱ्हावू द्या."

मी राहू दिलं. वर वॅक्स चढवलं आणि पोळ्याच्या आदल्या दुपारी बैल घेऊन चोपड्याला निघाले.

आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून दुखावलेले खांदे तूप-हळदीने चोळायचे आणि उद्या जेवायला या म्हणून बैलांना आवतण द्यायचं. नानांपुढे मी बैल ठेवला. त्यांनी लांबूनच पाहिला.

"रंग बराय," ते म्हणाले. चोपड्याच्या बाजारात लुगडं पाहावं तसं.

"नाना, खरं सांगते," मी म्हणाले. "हा रंग नवा आहे. जुना फक्त पोटाखाली राहिलाय. मी त्याच्या जवळ गेले, तोच नाही आणू शकले."

प्रवीणभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की, कशाला सांगितलं? पण धंद्यात हे सांगावंच लागतं. प्रवीणभाऊंनी तूप-हळदीची वाटी आणून जवळ ठेवली. अमावास्येची पूर्वसंध्या, हात रिकामा कसा राहणार? नानांनी दोन बोटं वाटीत बुडवली आणि साहेबाच्या खांद्यावर टेकवली. सवयीने अंगठा मानेमागे गेला.

अंगठा तिथेच थांबला. मागे गेला, पुन्हा त्या खडबडीत जागेवर आला. आणखी एकदा.

"शे," नाना स्वतःशीच म्हणाले. "आपलाच शे."

ते उठले. तुपाचे हात तसेच, बैल छातीशी धरलेला. ओटा ओलांडून, प्रवीणभाऊंना ओलांडून सरळ स्वयंपाकघरात गेले आणि साहेबाला अक्कांच्या पोळपाटाशेजारी ठेवलं.

"सकाय वशिंड लावशी ना वो? बिनवशिंडना कसा जाई तो?"

अक्कांनी डोळ्याला पदर लावला नाही की काही नाही. त्या बैलाकडे बघून म्हणाल्या, "मागला साले कनीक सैल व्हती. औंदा घट्ट मयसू." आणि मग, "तुमी पानी पिधं का?"

तांब्या त्यांनी स्वतः दिला. प्रवीणभाऊ माझ्याशेजारी ओट्यावर मटकन बसले आणि म्हणाले, "सुटलो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला व्हिडिओ पाठवला. वेशीत माणसांची दाटी, डफ, तोरण, आणि ट्रॅक्टरवर झुलीतला साहेब नानांच्या मांडीत. वशिंड जरा मोठंच झालेलं आणि डावीकडे कललेलं. नाना एका हाताने बैल धरून होते आणि दुसरा हात सबंध रस्ताभर त्या वशिंडाला टेकू देत होता.

मी तो सरांना पुढे पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "वॅक्स टिकलं का?"

टिकलं. अक्कांना मी बजावलंय की साहेबाला यापुढे फक्त कोरडं फडकं, आणि त्या हो म्हणाल्यात. चिंच कुठे ठेवायची हे आता प्रवीणभाऊ बघतात. आणि जुन्या वस्तूवर खडबडीत जागा दिसली, तर ती भरायच्या आधी मी स्वयंपाकघरात जाऊन विचारते.