प्रथम स्त्री शकु

न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागातल्या एका फार्मसीत प्रमोदिनीताई सव्वीस वर्षं काउंटरमागे उभ्या आहेत, आणि त्या कोणाच्याही शब्दावर विसंबत नाहीत हे तिथल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांनाही ठाऊक आहे. मी शेजारच्या क्लिनिकमध्ये नर्स आहे, म्हणून हे मी स्वतः पाहिलंय. एकदा एकाने तीस गोळ्यांच्या चिठ्ठीवर तिनाचा आठ केला होता. ताईंनी चिठ्ठी उजेडाकडे धरली, त्याला गोड हसून “पाच मिनिटं बसा हं” म्हणाल्या आणि आत जाऊन आम्हाला फोन केला. तो पळाला, तेव्हा त्याचं एक जॅण्डल, इथली रबरी चप्पल, दारातच राहिलं. “आठाचं पोट तिरकं होतं,” एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांच्या मुलीने, इशिताने, साठाव्या वाढदिवसाला त्यांना डीएनए टेस्टचं किट दिलं. नळीत थुंकायचं, पोस्टाने पाठवायचं, मग जगभरातले नातेवाईक सापडतात. आपली थुंकी कोण ठेवून घेणार, तिचं पुढे काय करणार, हे ताईंनी तिला तीन वेळा विचारलं. शेवटी मुलीचं मन मोडवेना म्हणून पाठवली. फॉर्मवर माहेरचं आडनाव लिहिलं, निवेलकर. रत्नागिरी जिल्ह्यातलं निवेली हे त्यांचं मूळ गाव.

दोन महिन्यांनी एक मेसेज आला. वेलिंग्टनला एका सरकारी खात्यात आयटीत काम करणारा श्रीनाथ नावाचा माणूस, जन्म पोर्ट ब्लेअरचा. त्याने लिहिलं होतं की साइटवर आपलं लांबचं रक्ताचं नातं दिसतंय. माझ्या वडिलांच्या आजीची आई मुंबई इलाख्यातून जन्मठेपेवर अंदमानला आलेली कैदी होती. नोंदवहीत तिचं नाव ‘साकू’ लिहिलंय आणि गावाचं नाव ‘नीवुल्ली’, जिल्हा रत्नागिरी. नीवुल्ली नावाचं गाव मला कुठे सापडलं नाही, पण तुमचं आडनाव पाहिलं आणि वाटलं, विचारावं. ती कोण होती, तुम्हाला काही माहीत आहे का?

ताईंनी तो मेसेज मला दाखवला. “बघ, आडनाव वाचलं आणि गाव जुळवून घेतलं. आता पुढचा मेसेज जमिनीत वाटा मागणारा येईल.”

“पण ताई, नातं तर कंपनीच सांगतेय ना?”

“कंपनी काहीही सांगेल.”

तीन आठवडे त्यांनी उत्तर दिलं नाही. “मम, दॅट्स सो रूड,” इशिता म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतूनच येतं. मग ताईंनी एका ओळीचं उत्तर पाठवलं: नोंदवहीच्या पानाचा फोटो पाठवा. फोटो अर्ध्या तासात आला. इतका लगेच आला याचाही त्यांना संशय आला.

पिवळं पडलेलं पान, इंग्रजी कारकुनाचं वळणदार अक्षर. साकू, राघोबाची बायको, वय बावीस. गुन्हा, खून. शिक्षा, जन्मठेप, काळं पाणी. ऑक्टोबर १८९०.

ताईंच्या खापरपणजोबांचं नाव राघोबा होतं.

हे त्यांनी श्रीनाथला कळवलं नाही. आधी पुण्याला थोरल्या भावाला, अनिरुद्धला, फोन लावला. निवेलकरांचा कुलवृत्तांत त्यानेच खपून छापलाय. घराण्यातल्या प्रत्येकाचा जन्म, लग्न, मृत्यू, सगळं तिथीसकट त्यात आहे.

“दादा, राघोबांच्या बायकोचं नाव काय होतं रे?”

“भागीरथी.”

“आणि आपले पणजोबा?”

“ते पहिलीचे. शकु नाव होतं तिचं. लवकर गेली ती. पटकीने.” तो जरा थांबला. “का गं?”

ताईंनी सगळं सांगितलं. मग अनिरुद्धदादा एकदम तावातावाने बोलू लागला. हे सगळे फ्रॉड असतात, परदेशात राहून तुम्ही भोळे झालात, कुणाला कागद दाखवू नकोस, त्याला ब्लॉक करून टाक.

“दादा मला भोळी म्हणाला,” ताई मला म्हणाल्या. “मला! तिथेच मला त्याचा संशय आला.”

पुरावा म्हणून दादाने दुसऱ्या दिवशी एक फोटो पाठवला. नाशिकला निवेलकरांचे तीर्थोपाध्ये आहेत. घरातलं कोणी तीर्थाला गेलं की त्यांच्या वहीत आपल्या हाताने घरच्यांची नावं लिहून येतं. १८९८ साली राघोबा गेले होते. त्यांनी मोडीत लिहिलेल्या पाच ओळी, आणि खाली दादाने देवनागरीत उतरवून दिलेला मजकूर: आईवडील, भाऊ, स्वतः राघोबा, स्त्री भागीरथी, मुलगे दोन. शकूचा उल्लेखच नाही. ‘म्हणजे ती १८९८ च्या आधीच वारलेली,’ दादाने लिहिलं होतं.

ताईंना मोडी येत नाही. पण फोटो मोठा करून पाहताना त्यांना पानाच्या तळाशी एक रेघ दिसली. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतात आणि अक्षरं तिला लटकवत जातात. फोटो जिथे कापला होता तिथे सहावी रेघ होती, आणि तिच्याखाली अक्षरांचे नुसते वरचे तुकडे.

उपाध्यायांचा नंबर दादाच्याच कुलवृत्तांतात छापलेला होता. फोन धाकट्या उपाध्यायांनी उचलला. न्यूझीलंडहून फोन म्हटल्यावर त्यांना कौतुक वाटलं. “परवाच तुमचे बंधू येऊन गेले की. पूर्ण पान पाठवू ना? पाठवतो. आणि वाचूनही दाखवतो.” त्यांनी वही काढून पाच ओळी वाचल्या. सहावीपाशी त्यांचा आवाज खाली आला.

“प्रथम स्त्री शकु, काळ्या पाण्यास.”

ताई म्हणतात, त्या वेळी त्या फार्मसीच्या मागच्या खोलीत उभ्या होत्या आणि हातात कुणाच्या तरी ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचं पाकीट होतं. ते त्यांनी तसंच खाली ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजून भरलं, कारण त्या क्षणी त्यांना स्वतःचाही भरवसा वाटेना.

त्याच आठवड्यात बहीणभावांचं जोरदार वाजलं.

“तू फोटो कापलास, दादा.”

“हो, कापला.”

“मला फसवलंस.”

“तुझ्यासाठीच केलं. अण्णांनी जाताना मला सांगितलं होतं, हे मुलींच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. तुमची लग्नं व्हायची होती तेव्हा.”

“माझ्या लग्नाला चौतीस वर्षं झाली. विवेक आता मला परत पाठवणार आहे का?”

तेव्हा दादा नरमला. मग त्याने सांगितलं. शकूने कोणाला विष दिलं नव्हतं की कोणावर कोयता उगारला नव्हता. श्रावणात, भर पावसात, दोन महिन्यांच्या मुलीला पोटाशी धरून तिने घरामागच्या विहिरीत उडी टाकली होती. लोकांनी दोर सोडून तिला वर काढलं. मुलगी गेली. आई जगली म्हणून तो खून ठरला. कोर्टात राघोबांनी साक्ष दिली की घरात काही कटकट नव्हती, बायकोला काही त्रास नव्हता. चार वर्षांचा मुलगा घरी राहिला. तेच आपले पणजोबा. विहीर पुढे बुजवून टाकली.

“काही त्रास नव्हता,” ताई म्हणाल्या.

“तसं अण्णा सांगायचे.”

ताईंनी कुलवृत्तांत उघडला. तो छापील ग्रंथ वर्षानुवर्षं त्यांच्या कपाटात होता आणि त्यात सगळं लिहिलेलंच होतं. शकु, मृत्यू पटकीने, श्रावण शके १८१२. त्याच्या खाली, भागीरथीचा पहिला मुलगा, जन्म कार्तिक शके १८१२. मध्ये तीन महिने. म्हणजे शकु विहिरीपाशी गेली तेव्हा भागीरथी घरात आलेली होती आणि तिला दिवस गेलेले होते. इतक्या माणसांनी ते पान वाचलं, महिने कोणी मोजले नाहीत. आणि ज्या दिवशी मुलगी गेली, त्याच दिवशी आईलाही मेलेली ठरवून टाकलं होतं. मग आठ वर्षांनी नाशिकच्या वहीत राघोबांनी खरं का लिहिलं? ताईंना वाटतं, तीर्थावर जिवंत बाईला मेलेली म्हणायची त्यांची छाती झाली नसेल. पण हेही त्या ‘मला वाटतं’ असंच म्हणतात.

आता भावावरचा संशय खरा ठरला होता, पण श्रीनाथवरचा अजून तसाच होता. शकु अंदमानला गेली हे खरं. पण हा माणूस तिचाच कशावरून? त्याला फक्त ‘भेटायचंय’ एवढंच कळवून त्या वेलिंग्टनला गेल्या. विवेकरावांना दिसेल असं फोनचं लोकेशन चालू ठेवलं आणि पर्समध्ये कागदांच्या फक्त झेरॉक्स नेल्या.

स्टेशनजवळच्या कॅफेत श्रीनाथ आधीच येऊन बसला होता. पस्तिशीचा, सडसडीत, वाऱ्याने केस विस्कटलेले. त्याने “किया ओरा” असं इथलं माओरी अभिवादन करून हात पुढे केला, मग गडबडून नमस्कार केला. दोघं हिंदीतून बोलले. ताईंचं हिंदी मराठी वळणाचं, त्याचं अंदमानचं.

ताईंनी त्याची उलटतपासणीच घेतली. आजोबा काय करायचे, घर कुठे होतं, साकूचा तिकडचा नवरा कोण. तो आझमगडकडचा कैदी होता. काही वर्षांनी सरकारच्या परवानगीने दोघांचं लग्न झालं होतं. मुलं तीन. थोरली अहिल्या, ती श्रीनाथच्या वडिलांची आजी.

“तुमच्या घरात तिच्याबद्दल काय बोलतात?” ताईंनी विचारलं.

“फार काही नाही. तिने पहिल्या नवऱ्याला मारलं, असंच आम्ही धरून चाललोय. ती स्वतः कधी काही बोलली नाही.” त्याने कप फिरवला. “एक गंमत आहे पण. आमच्या घरात पाणी पुरुष भरतात. गल्लीतले लोक हसायचे आजोबांना. म्हणे, साकू कधी विहिरीच्या जवळ जायची नाही. लांबून वळसा घालायची. तिच्या नवऱ्याने जन्मभर पाणी भरलं, मग मुलाने भरलं, मग तीच रीत पडली. घरात नळ आला तरी पहाटे उठून हंडे माझे वडीलच भरायचे. का, ते कोणालाच माहीत नाही.”

विहिरीचा एक शब्दही ताईंनी त्याला कधी लिहिला नव्हता. नोंदवहीतही नुसतं ‘खून’ एवढंच होतं.

त्यांनी पर्समधून झेरॉक्स काढल्या, पण त्याच्यापुढे सरकवायला त्यांचा हात पुढे होईना. मग आधी तोंडानेच सांगितलं. पाऊस, विहीर, दोन महिन्यांची मुलगी. श्रीनाथ ऐकत राहिला. शेवटी त्याने विचारलं, “म्हणजे नवरा जिवंत होता?”

“होता. आणि त्याने साक्ष दिली.”

“आणि आम्ही सव्वाशे वर्षं तिला नवरा मारणारी म्हणतोय.”

“आम्ही तर तिला पटकीने मारलं,” ताई म्हणाल्या.

त्या दुपारी त्यांचं परतीचं विमान चुकलं. ठरल्या वेळी न चुकता जाणाऱ्या प्रमोदिनीताई रात्री श्रीनाथच्या घरी राहिल्या. एका अनोळखी माणसाच्या घरी, त्याच्या बायकोने केलेली माशाची आमटी खाऊन. विवेकरावांचे सात फोन येऊन गेले.

पुढे काय झालं ते सरळ नाही. अनिरुद्धदादाने कुलवृत्तांताच्या पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करायला नकार दिला. चार महिने बहीणभाऊ बोलत नाहीत. ताईंनी हे इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत उघड सांगितलं, तर एक बाई म्हणाली, “सांगायची काय गरज होती?” आणि नंतर तिने ताईंच्या फार्मसीतून औषधं घेणं बंद केलं. श्रीनाथ मात्र बायको आणि लेकीसह ख्राइस्टचर्चला येऊन गेला. इशिता आणि त्याची मुलगी इंग्रजीत भरपूर बोलल्या.

ताई सध्या एकाच गोष्टीच्या मागे आहेत. त्या दोन महिन्यांच्या मुलीचं नाव त्यांना हवंय. कुलवृत्तांतात ती मुळात नाहीच. नाशिकच्या वहीत नाही, अंदमानच्या नोंदवहीत नाही. मुंबईच्या दफ्तरखान्यात खटल्याचे कागद असतील या आशेने त्यांनी पत्र लिहिलंय. उत्तर आलेलं नाही.

परवा मी सहज म्हटलं, “ताई, शकूने अंदमानात थोरल्या मुलीचं नाव अहिल्या ठेवलं. कदाचित तेच नाव असेल, त्या पहिल्या मुलीचं.”

“मलाही तोच संशय आहे,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवसापासून.”

“मग तुमच्या कुलवृत्तांताच्या प्रतीत लिहून टाका की.”

“पुरावा आल्याशिवाय नाही,” म्हणून त्या काउंटरवर आलेल्या म्हातारबाईंची चिठ्ठी उजेडाकडे धरून वाचू लागल्या.