वाढत्या मापाचे टायर

आमच्या ह्यांनी, म्हणजे पळसे गावच्या पुंजाराम गायधनींनी, एखादी वस्तू मापाची घेतलेली मी चौतीस वर्षांत पाहिली नाही. आमच्या रोहितच्या शाळेच्या चड्ड्या कायम दोन वर्षं पुढच्या असायच्या. त्या बसायला लागेपर्यंत विरलेल्या असत, मग पुन्हा दोन वर्षं पुढची नवी जोडी. लग्नात मला घातलेली अंगठीसुद्धा वाढत्या मापाची. बोट काही वाढलं नाही, मी आपली दोरा गुंडाळून ती वापरली. घर बांधलं तेही तीन मजली. रोहित पुण्याला गेला, पूजाचं निम्मं आयुष्य ड्यूटीवर, त्यामुळे वरचे दोन मजले कबुतरं भोगतात.

पूजा आमची धाकटी. घोटीजवळच्या एका दवाखान्यात नर्स आहे. पाळीची वेळ आणि एसटीची वेळ काही जुळेना, म्हणून तिने स्वतःच्या पगारातून जुनी गाडी घेतली. रोज जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, आणि तिकडचा पाऊस तर चार महिने माणसाला समोरचं दिसू देत नाही. यंदा आषाढात टायर गुळगुळीत झाले. पुढच्या आठवड्यात बदलते, असं ती म्हणाली. एवढं ह्यांना पुरलं. रात्रपाळी करून ती दुपारी झोपलेली असताना हे गाडी घेऊन नाशिक रोडला गेले आणि चार नवे कोरे टायर घालून आले. दुकानदाराने म्हणे नंबर विचारला होता. ह्यांनी सांगितलं, आहे त्याच्यापेक्षा मोठा दे.

पूजा उठून बाहेर आली आणि टायरजवळ उकिडवी बसली. टायरच्या अंगावर २०५/६५ आर १५ असं लिहिलं होतं. तिने एकेका आकड्यावर बोट ठेवून बापाला समजावलं. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या बाजूच्या भिंतीच्या उंचीचा, म्हणजे रुंदीच्या शंभराला पासष्ट, त्यामुळे टायर रुंद झाला की उंचही होतो. आर म्हणजे आतल्या धाग्यांची रेडियल वीण, आणि पंधरा म्हणजे आतल्या रिमचा व्यास, इंचांत. त्यापुढे वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर. मग तिने ड्रायव्हरचं दार उघडून आतलं स्टिकर दाखवलं. तिथे स्वच्छ १८५/६५ आर १५ होतं.

हे हसले. पासष्ट म्हणजे पासष्ट हजार किलोमीटरची कंपनीची हमी, असं त्यांनी तिला उलट शिकवलं. वर म्हणाले, "टायर झिजून बारीक होणारच ना? मंग आधीच वाढता घेतलेला बरा. तू नर्स हे, ह्यातलं तुला काय कळतं?"

पूजाने माझ्याकडे पाहिलं. "आई, तू तरी सांग ना."

मी चहाचा कप घेऊन उभी होते. म्हटलं, बाबांनी विचार करूनच आणले असतील, तू चहा घे.

पुढे अठरा दिवस ती तशीच गाडी चालवत होती. जुने टायर हे दुकानातच देऊन आले होते, आणि लगेच दुसरे चार घेणं तिच्या पगाराला झेपणारं नव्हतं. वळताना चाकातून खर्र आवाज यायचा. हे म्हणायचे, नवा टायर बोलतोच थोडा, बसला की गप होईल. शेजारच्या लंकाबाईंना मी ह्यांची नक्कल करून दाखवायचे, त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. घरबसल्या करमणूक होती.

मग एका रविवारी आम्ही तिघं ह्यांच्या बहिणीकडे, अक्काबाईंकडे, घोटीला गेलो. येताना ह्यांनी त्यांच्याकडून तांदूळ घेतला. तीन माणसांच्या घराला दोन पोती, पन्नास-पन्नास किलोची. गाडी मागून खाली बसली. वाडीवऱ्हेच्या अलीकडे स्पीडब्रेकरवर मागे काहीतरी जोरात घासलं, आणि नंतर रबर जळल्याचा वास सुटला. भर पावसात पूजाने गाडी एका टायरच्या दुकानापाशी घेतली.

दुकानाचा मालक लखन. त्याने चाक काढून आडवं टाकलं. मडगार्डच्या कडेने टायरचा खांदा गोल कापत आणला होता, आतले धागे दिसत होते. तो म्हणाला, टायर मापापेक्षा मोठा आहे. गाडी रिकामी असली तर वळताना घासतो, ओझं पडलं की कापतच जातो. ह्या पावसात वेगात असताना फुटला असता तर गाडी सावरली नसती. मग विचारलं, रोज कोण चालवतं?

"मी," पूजा म्हणाली.

हे तिथेच एका स्टुलावर बसले. लखनने सवयीने ह्यांनाच विचारलं, काका, कुठला नंबर टाकू? ह्यांचं तोंड उतरलं होतं. मग म्हणाले, "तिला विचार, गाडी तिची हे." आणि पूजाकडे वळून, "चुकलं माझं, बाई."

चौतीस वर्षांत हे शब्द ह्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. अशी संधी मी सोडते होय? मी लखनला हसत हसत सांगू लागले की ह्यांचं सगळंच असं, मी तर पहिल्याच दिवशी दारावरचा आकडा वाचला होता, तीस वर्षं गणित शिकवलंय, तेव्हाच मला कळलं होतं की हे टायर बसायचे नाहीत.

पूजा माझ्याकडे वळली.

"बाबांना माहीत नव्हतं, आई," ती म्हणाली. "तुला माहीत होतं."

लखन खाली मान घालून दुसऱ्या चाकाचे नट सैल करत राहिला. मला इतकी लाज वाटली की दुकानात उभं राहवेना, पण बाहेर पाऊस होता.