बंदुकीच्या सोयीचं विमान

आफ्रिकेला जाणाऱ्या विमानांबद्दल काही विचारायचं असेल तर आमच्या गावातले लोक माझ्या नवऱ्याकडं येतात. वेल्डन लेमबर्ग त्याचं नाव. कुठल्या विमानतळावर बंदुकीची पेटी उघडायला लावतात, कुठं विमान बदलायला वेळ पुरतो, कुठल्या देशात नुसतं एका विमानातून उतरून दुसऱ्यात चढायचं म्हटलं तरी त्यांचा परवाना लागतो, सगळं त्याला तोंडपाठ. आता हा गृहस्थ जन्मात एकदाच विमानात बसलाय, फौजेत भरती झाला तेव्हा, आणि तेही सरकारनं बसवलं म्हणून. पण फ्रँकफर्टला नावं ठेवायला फ्रँकफर्टला जावं लागतं असं कुठं लिहिलंय?

आमचा धंदा हरणं सोलायचा. नोव्हेंबर लागला की अर्ध्या टेक्सासातले लोक मारलेली हरणं आमच्या दारात आणून टाकतात. वेल्डन ती सोलतो, कापतो आणि सॉसेज करून देतो. ह्यूस्टनचे डॉक्टर, डॅलसचे वकील अशी मोठमोठी माणसं येतात. काम होईपर्यंत ती कट्ट्यावर बसून नामिबियाच्या गोष्टी सांगतात. कुणी सिंहाचं सांगत असेल, पण आमच्या साहेबांचे कान वेगळ्याच गोष्टीला टवकारायचे. कुणाची बंदूक वाटेतच राहिली, कुणाच्या पेटीला कुठं चरा पडला, कोण आफ्रिकेत पोचला आणि बंदूक युरोपात फिरत बसली. हे सगळं ऐकून तो विद्वान झाला.

आर्विन कोथमन आमचा शेजारी. दोघांच्या जमिनीत एक कुंपण आहे, आणि ते कुणी दुरुस्त करायचं यावर पन्नास वर्षं भांडण आहे. पहिलीपासून दोघं एका वर्गात. आर्विनची बायको गेल्यापासून तो रविवारी चर्च सुटलं की आमच्याकडं जेवतो. ब्रिस्केटचं मांस कोरडं झालंय म्हणतो आणि पुन्हा पुन्हा वाढून घेतो. या आर्विनच्या मनात पोरवयापासून एक जनावर ठाण मांडून बसलेलं, कुडू. करड्या अंगाचं, घोड्याएवढं हरण, डोक्यावर पिळाची लांबलचक शिंगं. नामिबियातल्या काटेरी झाडांत ते उभं राहिलं की झाड कुठलं आणि जनावर कुठलं कळत नाही, असं तो सांगायचा. त्यानंही पाहिलं नव्हतंच म्हणा.

मग त्याच्या डोळ्यांचं निघालं. सॅन अँटोनियोच्या डॉक्टरनं सांगितलं, नजरेच्या मधोमध डाग धरलाय आणि तो वाढत जाणार. कडेचं दिसत राहील, समोरचं जाईल, पण किती दिवसांत ते सांगता येत नाही. आर्विन तिथून सरळ आमच्याकडं आला, कॉफी प्यायला आणि म्हणाला, "वेल्डन, आता जाऊन येऊ." वेल्डन म्हणाला, जाऊ. विमानाचं सगळं मी बघतो, असंही तोच म्हणाला.

आणि इथंच घोडं अडलं. वेल्डनला नुसतं जायचं नव्हतं, बंदुकीला घेऊन जायचं होतं. ती बंदूक त्याच्या बापाची. सासऱ्यांनी बकऱ्यांची लोकर विकून घेतलेली. बंदूक चांगली आहे, नाही कोण म्हणतं, पण नाकापेक्षा मोती जड किती व्हावा? आमची एकुलती एक पोर पोर्टलंडला असते. ख्रिसमसला ती कुठून कशी घरी येते, वाटेत कुठं ताटकळते, हे या बापानं आजवर विचारलेलं नाही. बंदुकीसाठी मात्र त्यानं फोम कापून कापून पेटीत असं अंथरूण केलं की मला वाटलं, आता अंगाईही म्हणतो की काय.

सॅन अँटोनियोला शेल्बी नावाची एक मुलगी आहे, शिकाऱ्यांचीच तिकिटं काढून देते. गुणी आणि शांत पोरगी. कामाची वेळ सोडूनही फोन करा म्हणून तिनं आपला घरचा नंबर वेल्डनला दिला. बिचारीला माणसांची पारख नव्हती. तिनं आधी फ्रँकफर्टवरून सुचवलं. वेल्डन म्हणाला, मधे वेळ कमी आहे, मी चढेन आणि बंदूक राहील. मग आखातातून सुचवलं. तिथं आधी मंजुरी मागावी लागते म्हटल्यावर, बापाच्या बंदुकीसाठी मी परक्यांच्या हातापाया पडणार नाही, असं बाणेदार उत्तर आलं. स्वस्तातली दोन वेगवेगळी तिकिटं निघत होती. तर मधे सामान उतरवून घ्यावं लागतं, म्हणजे बंदूक त्या देशात शिरली, म्हणजे आपण तुरुंगात. हे मात्र खरं होतं, शेल्बीही तेच म्हणाली. मग तिनं थेट जोहान्सबर्गचं विमान काढलं. तिथं पोलिसांच्या खोलीत बंदूक दाखवून परवाना घ्यायचा आणि पुढं जायचं, हजारो लोक जातात. वेल्डन म्हणाला, आणि त्यांना ती आवडली तर?

मी म्हटलं, अरे, तीन ठिकाणी तिचं पॉलिश गेलंय, तुझ्याशिवाय ती कुणालाही आवडणार नाही. माझ्याशी तो दोन दिवस बोलला नाही. घरात फार शांतता होती, मला बरं वाटलं.

तिकडचा शिकारीचा हंगाम म्हणजे आमचा उन्हाळा. एक उन्हाळा असा गेला. आर्विन दर रविवारी विचारायचा, काय रे, सापडला का रस्ता? वेल्डन म्हणायचा, बघतोय. आर्विन मान हलवायचा आणि ब्रिस्केटला नावं ठेवायचा.

पुढच्या वर्षी शेल्बीनं सोन्यासारखा मार्ग काढला. एकच तिकीट, मधे भरपूर वेळ, कुठं मंजुरी नको, बंदूक इथं द्यायची ती थेट नामिबियात, विंडहुकला घ्यायची. मी आनंदानं पीचचा गोड कॉबलर भाजला. वेल्डननं चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाला, "परतीचं विमान रविवारी आहे. चर्च बुडेल." हा माणूस चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून असा घोरतो की पास्टर त्याच्यामुळं मोठ्यानं बोलायला शिकले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, ते ठीक. पण याला नाचायचंच नाहीये, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. का नाही, ते कळेना.

ते कळलं आर्विनच्या रानात. दोघं दर शनिवारी तिथं नेमबाजीचा सराव करायचे. पूर्वी ओकच्या फांदीला साखळीनं लोखंडाचं एक ताट टांगलेलं असायचं. गोळी लागली की ठण्ण वाजायचं, आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं. ते वेल्डननं काढून टाकलं आणि कागदाचं निशाण लावलं. कारण काय, तर आवाजानं आर्विनच्या गाई घाबरतात. बंदुकीच्या बाराला न घाबरणाऱ्या गाई ताटाला घाबरतात, हे शोधून काढायलाही डोकं लागतं. त्या शनिवारी मी सँडविच घेऊन गेले होते. आर्विन नेम धरून बसला होता. त्यानं गोळी झाडली आणि कागदापासून चांगले दहा हात लांब, कुंपणाच्या खांबाशी धूळ उडाली. वेल्डन दुर्बिणीतून बघत होता. तो ओरडला, "मधोमध!"

आर्विन म्हणाला, बरं. पुन्हा झाडली, पुन्हा धूळ. वेल्डन पुन्हा मधोमध.

परत येताना ट्रकमध्ये मी त्याला फैलावर घेतलं. तेव्हा कुठं तो बोलला. तिकडं गेल्यावर पहिल्या दिवशी, इतर काही करायच्या आधी, तिथला शिकारी प्रत्येक पाहुण्याला निशाणावर गोळी झाडायला लावतो. प्रवासात बंदूक हलली नाही ना हे बघायला. तसा सगळीकडचा रिवाजच आहे. "आर्विन झाडेल, आणि तो माणूस काहीच बोलणार नाही," वेल्डन म्हणाला. "नुसता माझ्याकडं बघेल. आणि आर्विनला ते समजेल, लॉरेटा. मग त्याच्याकडं काय उरलं?"

इतकी वर्षं संसार केला, हा मनुष्य एवढा विचार करू शकतो याची मला कुणी कल्पना दिली नव्हती. पण रागही आला. मित्राचा मान राखायला हा विमानतळांना नावं ठेवत बसला होता, आणि डॉक्टरनं सांगितलेला तो डाग काही याच्यासाठी थांबणार नव्हता. मी म्हटलं, सांगून टाक त्याला. तो म्हणाला, तू सांगशील? मी तरी कुठं सांगितलं!

दुसरा उन्हाळाही गेला. आर्विननं गाडी चालवणं सोडलं, मीच त्याला डॉक्टरकडं नेऊ लागले. आमच्याकडं जेवताना एकदा त्यानं ग्रेव्ही ताटाच्या बाहेर ओतली आणि स्वतःच हसून पुसली. कुणाशी बोलायचं तर तो मान जराशी तिरकी करायचा, कारण डोळ्याच्या कोपऱ्यातूनच काय ते दिसायचं.

या मार्चमधली गोष्ट. रविवार होता. शेल्बीनं, धन्य त्या पोरीची, आणखी एक मार्ग पाठवला होता. वेल्डन जेवता जेवता म्हणाला, छे, त्या दिवसांत तिकडं धुकं असतं. माझ्या हातात बटाट्याच्या सॅलडचं भांडं होतं, ते मी टेबलावर आपटलंच.

"मग बंदुका ठेवा घरी आणि जा," मी म्हणाले.

वेल्डननं माझ्याकडं असं पाहिलं की जणू नवरदेवाला घरी ठेवून वरात काढा असं मी सुचवलंय. आर्विननं मात्र काटा खाली ठेवला आणि मान तिरकी केली.

"तसं जाता येतं?" त्यानं विचारलं.

वेल्डन म्हणाला, "बंदुकीशिवाय जाऊन तू तिथं करणार काय?"

"बघणार."

आणि तो पुढं बोलत राहिला, रागानं नाही, कुंपणाबद्दल बोलतो तसाच. "वेल्डन, माझ्या गोळ्या कुठं जातात ते मला माहीत होतं रे. तू ताट काढलंस तेव्हाच कळलं. गाई घाबरतात म्हणे. लेका, गाई माझ्या आहेत."

वेल्डन म्हणाला, मग तू बोलला का नाहीस?

"तुझ्या बापाची बंदूक. ती घेऊन तिथं जायची तुझी हौस. म्हटलं, याला तिच्या सोयीचा रस्ता सापडू दे, आपण थांबू. मला मारायचं कुठं होतं? मला तो एकदा उभा असलेला बघायचा होता."

"कुडू?"

"कुडूचं राहिलं आता," आर्विन म्हणाला. "गेल्या उन्हाळ्यापर्यंत शिंगांचा पीळ दिसला असता. तेव्हा तर तुझं थोबाडही दिसत होतं मला. त्याचं जाऊ दे, त्यात फार काही गेलं नाही." मग त्यानं चाचपून ब्रेड घेतला. "हत्ती दिसेल बहुतेक. तो मोठा असतो."

दोन वर्षं मी मनात टोमणे साठवून ठेवले होते, वेळ आली की एकेक काढीन म्हणून. त्यातला एकही मला सुचेना. वेल्डनची मान खाली गेली होती आणि त्याचे ते हरणं सोलून सोलून राठ झालेले हात टेबलावर नुसते पडले होते. त्याला जवळ घ्यावं असंही वाटलं आणि दोन द्याव्यात असंही.

तो उठला. जेवण तसंच टाकून त्यानं शेल्बीला फोन लावला. कानानं कमी ऐकू येतं म्हणून तो फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतो, त्यामुळं आम्हाला सगळं ऐकू येत होतं. पलीकडून शेल्बीनं रविवारीही याचाच फोन आल्याची धास्ती लपवून विचारलं, मिस्टर लेमबर्ग, तुमच्या बंदुका दोनच ना, की वाढल्या?

"एकही नाही," वेल्डन म्हणाला.

पोरीचा आवाज एकदम खुलला. बंदुका नसतील तर सगळेच रस्ते मोकळे आहेत, ती म्हणाली. फ्रँकफर्टवरून आहे, आखातातून आहे, एकात पाय लांब करायला जागा आहे, एक बरंच स्वस्त पडतं. तुम्हाला कुठलं हवं?

"जे सगळ्यात आधी पोचतं ते," वेल्डन म्हणाला.