हळदीत बसलेला रसायनशास्त्री

जगनचे विनोद ऐकून मला हसू येत नाही, डोकं दुखतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी त्याचं कौतुक केलं तर ते खरं धराल.

आम्ही दोघं दाभोशाजवळच्या एकाच पाड्यावरचे. जव्हारला बारावी सायन्सला मागच्या-पुढच्या बाकावर बसायचो. आश्रमशाळेत मराठीत शिकलेली पोरं आम्ही, आणि तिथलं रसायनशास्त्र इंग्रजीत. सगळं डोक्यावरून जायचं. जगनने त्यावर आपला उपाय काढला. इलेक्ट्रॉन सोडतो तो सोडियम. काम निघालं की दिसेनासा होतो तो आर्गॉन, म्हणजे 'अरे, गॉन!' केळं जपून खा, त्यात पोटाशी यम असतो. मला तर त्याने तेव्हापासून 'पारा' नाव ठेवलं. का ते पाड्यावर कुणालाही विचारा.

पुढे मी पाड्याची आशाताई झाले आणि तो ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. विहिरीत क्लोरीनची पावडर टाकायची, अर्धा तास कुणाला पाणी भरू द्यायचं नाही, मग नळीत पाणी घेऊन तपासणीचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की प्यायला मोकळं. ऐकायला सोपं आहे. पण उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन आलेल्या बायांना अर्धा तास थांबवून दाखवा! मी एकदा थांबवायला गेले, तर सगळ्या तोंड फिरवून नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावर गेल्या. जगन थांबवतो, तेव्हा थांबतात. कारण तो कठड्यावर बसून तोंडाचा पट्टा सुरू करतो आणि त्या हसता हसता पाणी भरायचं विसरतात. त्याचे ते दळभद्री विनोद म्हणजे खरं तर अर्ध्या तासाचं कुलूप होतं, आणि हे मला फार उशिरा कळलं.

हसायची नाही ती एकटी हौशीआजी. ती आमची धवलेरी. गाणी म्हणत लग्न लावणारी. लग्नघरात तिचा शब्द शेवटचा. काही वर्षांमागे एका हळदीला टँकरचं पाणी पिऊन पोरं आजारी पडली. संध्याकाळी घाईघाईने विहिरीत पावडर टाकली. आजीचा नातू सोम्या आधीच आजारी होता, तो ते पाणी प्यायला आणि उजाडायच्या आत गेला. त्या पावडरीच्या वासाने पोर नेलं, असं आजीने मनात धरलं. तेव्हापासून तिच्या घरात ते पाणी जात नाही. जगनने त्याच वर्षी हे काम मागून घेतलं.

यंदा मे महिन्यात जगनचंच लग्न निघालं. नवरी मोखाड्याकडची, कविता. "माझा एक इलेक्ट्रॉन मोखाड्याला गेला, मी आता धनायन झालो," असं तो महिनाभर दिसेल त्याला सांगत होता. मी कानावर हात ठेवून फिरत होते.

हळदीच्या दिवशी टँकर सकाळी यायचा, तो आला दुपारी. तोवर नवऱ्याला हळद लागून गेली होती. आणि हळद लागलेल्या नवऱ्याने मांडव सोडून विहिरीवर जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. टँकर विहिरीत रिकामा झाला. गावोगावचे पाहुणे, त्यांची पोरं, सगळी तहानलेली. बाया हंडे उचलायला लागल्या.

"मी टाकते पावडर," मी म्हटलं.

"तुझ्या सांगण्याने कुणी थांबणार नाही," जगन म्हणाला आणि पाटावरून उठला.

"बस खाली," हौशीआजी म्हणाली. "नवरा हळदीत हाय. तो विहिरीवर जायचा नाय. आन् लग्नाच्या पाण्यात औषध पडायचं नाय."

माझा पारा चढला. मी आजीला काय काय बोलले ते लिहीत नाही, वयाचा मान राखायला हवा होता. पण मला त्या मांडवात खेळणारी पोरं दिसत होती. जगनच्या तोंडून एकही विनोद निघत नव्हता. तो पुन्हा पाटावर बसला.

आजी त्याच्यासमोर येऊन बसली. "पोऱ्या, खरं सांग. त्या येळी औषध आधी पडलं असतं, तं माझा सोम्या राहला असता का?"

इतक्या वर्षांत तिने हे कुणालाच विचारलं नव्हतं. तिला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणं सोपं होतं.

"बहुतेक राहिला असता, आजी," जगन म्हणाला. "तेव्हा उशीर झाला होता. औषधाने नाही गेला तो."

आजी उठली आणि बायांवर ओरडली, "बघता काय? नवरा विहिरीवर जायचा नाय, पाणी तं मांडवात येईल! पिंपं भरून हितं आणा. पेलाभर बी कोणी पिऊ नका."

पिंपं मांडवात आली. जगनने पाटावर बसूनच पावडर कालवली, मापाने एकेका पिंपात ओतली. आणि मग गळा खाकरून सुरू झाला. "पाण्यात तिघं जण राहतात. दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन. आज क्लोरीनराव पाहुणे आलेत. पाहुण्याला जरा टेकू द्याल की नाही?" मग सोडियम आणि क्लोरीनचं लग्न लावलं, त्यांचा मीठ-भाकरीचा संसार थाटला. कामाच्या वेळी पळालेल्या पाड्यावरच्या लक्ष्याला भर मांडवात आर्गॉन केलं. पोरं खिदळत होती, तहान विसरली होती. आणि देवाशपथ सांगते, मीसुद्धा हसले.

नळीतलं पाणी पिवळं झालं. पहिला पेला आजीने घेतला. वासाने तिचं तोंड वाकडं झालं, पण तिने तो संपवला. दुसरा भरून नातीला, छोट्या चैतीला, स्वतःच्या हाताने पाजला.

लग्न झालं. पुढचे दिवस मी झिंकच्या गोळ्या आणि मीठ-साखरेची पाकिटं घेऊन घरोघर फिरत होते. "पोट बरं आहे का?" विचारून विचारून लोकांना वीट आणला. कुठेही काही नाही. छातीवरचा धोंडा उतरला.

शेवटी आजीच्या घरी गेले. ती चुलीपुढे नाचणीच्या भाकरी थापत होती. "चैती खेळतेय," मी विचारायच्या आधीच म्हणाली. "बस. भाकर खा."

मी बसले. तिने पिठाचा हात जमिनीपासून वर नेला, माझ्या डोक्याच्याही बराच वर थांबवला.

"सोम्या आथा एवढा झाला असता."

आजीने हात खाली घेतला आणि चैतीला जेवायला हाक मारली. चैती धावत आली.